भांडारीला लागणारी अवजारं

सोमवार, ३ मार्च

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि आईनं बळेच गळ्यात मारलेली छत्री एवढा संसार घेऊन ताईच्या दारात उभी राहिले, तर भाऊजी उशीकडे बघून विचारतात, गादी मागून टेम्पोनं येतेय का म्हणून. तीन मजले बॅगा वर आणताना जीव मेटाकुटीला आला होता त्यांचा, तरी थट्टा काही सुटली नाही. मला आवडतात भाऊजी. मी म्हटलं, गादी तुमची, उशी माझी, भांडण नको.

मला दिलेली खोली स्वयंपाकघराला लागून आहे. खिडकीतून मागच्या लाँड्रीचं छप्पर दिसतं आणि तिथल्या पाइपातून दिवसभर वाफ निघते. टेबल आहे, दिवा आहे, कपाटाचं एक दार नीट लागत नाही. झकास! वर्षभर आईकडे सोफ्यावर झोपल्यावर मला हा राजवाडाच वाटतो. जुनी कंपनी एका शुक्रवारी कुलूप लावून मोकळी झाली आणि तेव्हापासून अर्ज करकरून माझी बोटं झिजली. शेवटी ताईनं तिच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला. हे कळलं तेव्हा आई चक्क रडली.

छकुली, म्हणजे ताईची लेक, तीन वर्षांची झाली तरी अजून एक शब्द बोलत नाही. डॉक्टर म्हणतात कान ठणठणीत आहेत, घरात बोलणं कानावर पडलं की बोलेल. आता मी आलेय म्हटल्यावर पडायला काय कमी! घरात मला 'रेडिओ' म्हणतात ते काही उगाच नाही. आल्या आल्या मी तिला प्रवासाची साग्रसंगीत हकिगत सांगितली. ती आपली एकेक करून तिचे सगळे बूट मला आणून दाखवत होती.

ताई मात्र वाळलीय. आणि बोलत नाही. लहानपणी मला गोष्टी सांगून झोपवणारी, कॉलेजात वादविवादाचे कप घरी आणणारी माझी ताई 'हं' आणि 'बरं' याच्यापुढे जातच नाही. फोनवरही गेली तीन वर्षं हेच. आई म्हणते, कामाचा शीण. दारात तिनं मला मिठी मारली ती सोडेचना. मी म्हटलं, अगं बाई, बरगड्या मोडशील माझ्या. तरी सोडली नाही.

मंगळवार, ४ मार्च

ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. जिन्यात रबराचा असा वास की वर पोचेपर्यंत आपणही गरगर फिरायला लागू. वर एक लांबट हॉल, भिंतीला टेकून टेबलं, निम्मी रिकामी. मालकांना सगळे मालकच म्हणतात. ते दारातच भेटले, ताईची बहीण म्हणजे आता काळजी मिटली असं म्हणाले आणि जे गायब झाले ते दिवसभर दिसले नाहीत. ताईनं खिडकीजवळची स्वतःची खुर्ची मला दिली आणि ती आतल्या खोलीत बसायला गेली. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ आहेत. इतरांच्या कामातल्या चुका शोधून पुसून टाकणं हे त्यांचं काम, म्हणून त्यांचं नाव खोडरबर. लाजाळू दिसतात. माझ्याकडे बघून हसले आणि लगेच पेन्सिल चावायला लागले.

आमच्या कंपनीचा माल एकच, भांडारी. म्हणजे पॅकेज मॅनेजर. (आई, तू कधी ही वही चोरून वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून तुझ्यासाठी सोपं करून लिहिते.) कंप्युटरवर एखादा प्रोग्राम हवा असेल तर तो कुठून आणायचा, त्याच्याबरोबर आणखी काय काय लागतं, कुठे मांडायचं, जुनं कधी काढून टाकायचं, हे सगळं बघणारा कोठीवरचा माणूस म्हणजे हा भांडारी. पण तो रिकाम्या घरात पाऊल ठेवत नाही. आधी त्याची अवजारं हजर हवीत. फाइली ओढून आणणारं एक, त्यांची गाठोडी सोडणारं एक, कुणी कधी काय बदललं ते लक्षात ठेवणारं एक. आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो कंपायलर. माणसानं लिहिलेलं, माणसाला कळणारं तो वाचतो आणि त्याचं यंत्राला कळेल असं काहीतरी करतो. आत जातात शब्द, आणि बाहेर जे पडतं ते कुणाच्या बापाला वाचता येत नाही.

माझा लॅपटॉप कोरा करकरीत होता. भांडारी तपासायला लागला. आणणारं सापडलं, सोडणारं सापडलं, लक्षात ठेवणारंही सापडलं. कंपायलर नाही. जगभर फुकट मिळतो तो नेहमीचा टाकायला निघाले, तर भांडारी म्हणे, इथे आमचाच लागतो, करार वाचा आणि हो किंवा नाही लिहा. करार एवढा लांब की खाली सरकवता सरकवता बोट दुखलं. आमच्या धंद्यात असले करार कुणी वाचत नाही. आम्ही कमांडच्या शेपटीलाच 'सगळ्याला हो' लावून ठेवतो, म्हणजे यंत्रानं पुन्हा पुन्हा विचारून डोकं खाऊ नये. पण आज पहिला दिवस, म्हटलं वाचावं चार ओळी. इतक्यात खांद्यावर हात पडला. ताई मागे उभी होती, कपाळावर घाम. कितीतरी वेळ नुसते ओठ हलवत राहिली आणि मग म्हणाली की वाचत बसू नकोस, हो म्हण.

तीन वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यांत लांब वाक्य! मला इतका आनंद झाला की मी हो लिहून मोकळी झाले. लगेच कंपायलर सापडला.

गुरुवार, ६ मार्च

आता बोला! ताई बोलायला लागली!

काल जेवताना तिनं मीठ मागितलं. हातानं खुणावून नाही, तोंडानं. भाऊजींचा घास हातातच राहिला. आज सकाळी छकुलीची वेणी घालताना हलू नकोस, भांग वाकडा होतो असं अख्खं वाक्य म्हणाली. भाऊजी गॅलरीत गेले, डोळे पुसून आले आणि कांदा चिरत होतो म्हणाले. गॅलरीत कांदा! मी म्हटलं, मग उद्या बाथरूममध्ये बटाटे सोला.

माझी बडबड सांसर्गिक असणार. आईला फोन करून सगळं सांगितलं तर तिनं सगळं दोनदा वदवून घेतलं. मग विचारलं की आणि तू, तू बरी आहेस ना. म्हटलं, मला काय धाड भरलीय.

काम सोपं आहे. सकाळी खुर्चीत बसते, पडद्यावर ओळी यायला लागतात, लोकांनी कुठून कुठून लिहून पाठवलेल्या. त्या वाचायच्या. वाचता वाचता संध्याकाळ होते. दुपारी काय खाल्लं असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. घसा मात्र दिवसभर कुणाशी तरी भांडल्यासारखा खवखवतो. खोडरबर न सांगता पाण्याची बाटली भरून आणून देतात. भला माणूस आहे.

सोमवार, १० मार्च

टायरच्या दुकानाशेजारी पाव मिळतो. तिथल्या बाईंना मला काय हवंय ते सांगताच येईना. पिवळं, मऊ, पावाला लावतात ते. शेवटी बोटानं दाखवलं, त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी सकाळीच पिऊन आलेय. जिना चढेपर्यंत डोकं खाजवलं, नाही आठवलं. आत्ता लिहितानासुद्धा... लोणी! लोणी, लोणी, लोणी. हुश्श. आईला सांगितलं तर म्हणेल लग्न कर म्हणजे सगळं आठवेल.

खोडरबरांनी आज भीत भीत विचारलं की मी दिवसभर कुणाशी बोलत असते. म्हटलं, कुणाशी बोलू, तुम्ही तर पेन्सिल खाता. ते म्हणाले की माझे ओठ सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलत असतात, आवाज नसतो, पण क्षणभरसुद्धा थांबत नाहीत. मी हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर आरशात बघितलं तर ओठांच्या कडा फाटल्या आहेत.

ताईनं नोकरी सोडली. आता लेकीजवळ घरी राहणार म्हणते. मालकांनी तिला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते लावायला खिळा ठोकताना ती गाणं गुणगुणत होती. किती वर्षांनी! ऐकून मला भरून आलं.

गुरुवार, १३ मार्च

हे लिहावं की नको कळत नाही. लिहिते, नंतर वाचून हसेन.

संध्याकाळी आले तेव्हा ताई शेजारणीशी फोनवर बोलत होती. एकदा म्हणाली, आता बोला. मग म्हणाली, मला काय धाड भरलीय. मग शेजारणीला म्हणाली, अगं बाई, बरगड्या मोडशील माझ्या. हे माझं आहे. शब्द तर कुणीही वापरील, पण 'बाई'वर जो हेल काढते ना मी, आई ज्याची नक्कल करते, तोही जशाचा तसा होता. मी दारात एक चप्पल हातात घेऊन उभी राहिले.

आणखी एक. सकाळपासून एक शब्द हवा होता. दार बंद केल्यावर जी फिरवतो, पर्समध्ये तळाला जाऊन बसते ती. दिवसभर जिभेवरही येईना. संध्याकाळी ताईनं भाऊजींना हाक मारून विचारलं की किल्ली कुठे ठेवली. मी लगेच खोलीत येऊन लिहून घेतला. पण मला तो आठवला नव्हता. नुसता ऐकू आला. पहिल्यांदाच ऐकते आहे असा.

थकलेय झालं. एवढंच असेल.

सोमवार, १७ मार्च

खोडरबरांना जिन्यात गाठलं. म्हटलं, सांगितल्याशिवाय जाऊ देणार नाही. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग माझं तोंड बघून ते पायरीवर बसले. म्हणाले की मला घरच्यांनी सगळं सांगून आणलं असेल अशी त्यांची समजूत होती.

या कंपनीचा कंपायलर म्हणजे प्रोग्राम नाहीच. कधीच नव्हता. भांडारी ज्या ज्या कंप्युटरवर जातो तिथे तो कंपायलर आहे का विचारतो, आणि ते विचारणं येऊन थांबतं खिडकीजवळच्या त्या खुर्चीत. तिथे एक माणूस लागतो. त्याच्यातून शब्द आत जातात आणि परत येत नाहीत. तीन वर्षं ताई होती. तिच्याआधी कोण होतं ते विचारायचा मला धीर झाला नाही.

त्या खुर्चीतली माणसं सोडून का जात नाहीत असं विचारलं, तर म्हणाले, ज्याच्यावर बाकीचे अवलंबून आहेत ते अवजार भांडारी काढू देत नाही. आधी दुसरं बसवावं लागतं. आणि दुसऱ्यानं आपल्या हातानं हो लिहावं लागतं, कुणी परस्पर लिहून चालत नाही. मग पहिलं सुटतं, आणि सुटलं की त्याचं जे जे वापरलं गेलं ते त्याला परत मिळतं.

मी विचारलं, परत मिळतं ते कुठून. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले की त्यांची दोन मुलं शाळेत आहेत, म्हणून ते आजवर गप्प बसले. मी त्यांना फार वाईट शिवी दिली. शिव्या अजून शाबूत आहेत, एवढं बरं.

मंगळवार, १८ मार्च

भांडारीला विचारलं, कंपायलर कुठे आहे. असं विचारलं की तो जागा सांगतो, अमुक फोल्डर, त्याच्या आत तमुक फोल्डर. त्यानं ताईच्या घराचा पत्ता दिला. तिसरा मजला, स्वयंपाकघरालगतची खोली, आणि सगळ्यांत शेवटी माझं नाव.

काढून टाक म्हटलं. नाही म्हणाला, इतरांना लागतो.

नेहमीचा, साधा, फुकटचा टाकायला गेले. म्हणाला, एक आहे, दुसऱ्याची गरज नाही.

लॅपटॉप बंद केला, वायर उपटली, बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. हात ओठांवर ठेवला. हाताखाली ते हलतच होते.

बुधवार, १९ मार्च

ताईला स्वयंपाकघरात धरलं. दंडाला धरून हलवलं. म्हटलं, तुला माहीत होतं. खांद्यावर हात ठेवलास तेव्हा माहीत होतं.

ती रडली. पण काय रडली! घडाघडा, अखंड, मुद्देसूद, कॉलेजात बोलायची तशी. म्हणाली की छकुली जन्मली त्याच सुमारास तिचे शब्द जायला लागले. लेकीला एक गाणं म्हणता आलं नाही, पडली तर उगी म्हणता आलं नाही. पोर आईच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत बघत मुकी वाढली. तिला दिवसरात्र एकच भीती होती, आपलं आयुष्य गेलं ते गेलं, पोरीचंही जाईल. एवढं सगळं सांगताना ती एकदाही अडखळली नाही. मी मध्ये बोलायला जात होते आणि मला शब्द मिळत नव्हता, आणि मिळत नव्हता तो पुढच्या क्षणी तिच्या तोंडात होता. मी ऐकत उभी राहिले. माझ्या बहिणीनं माझ्याच शब्दांत मला समजावलं की तिनं मला का विकलं.

भाऊजी दारात होते. एकदाही वर बघितलं नाही त्यांनी. गॅलरीतला तो कांदा. त्यांनाही ठाऊक होतं, आणि मी आपली बटाट्याचे विनोद करत होते.

छकुली टेबलाखाली बसली होती. तिचा काय दोष. पण आज मला तिच्याकडेही बघवलं नाही.

गुरुवार, २० मार्च

आईला फोन लावला. म्हटलं, मला घेऊन जा. तुझ्या थोरलीनं काय केलं ते ऐक.

तिनं सगळं ऐकून घेतलं. एकदाही अगं बाई म्हणाली नाही, एकदाही विचारलं नाही की हे कसं शक्य आहे. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग म्हणाली, ताईवर राग धरू नकोस. ताई नाहीच म्हणत होती. माझं नाव तिनं सुचवलं. आईनं.

मागे ती इथे येऊन राहिली होती तेव्हा तिनं छकुलीला बघितलं, ताईला बघितलं. ताईनं मोडक्यातोडक्या शब्दांत, चित्रं काढून तिला समजावलं. आणि आईनं घरी जाऊन विचार केला. म्हणाली, थोरलीला संसार आहे, लेकरू आहे. तुला कोण आहे? नवरा नाही, मूल नाही, नोकरी नाही. तुझं मागे काही अडत नाही. आणि शब्दांचं म्हणशील तर तू जन्मल्यापासून एवढं बोलत आलीस, तुझ्याकडे काय तोटा, त्यातले थोडे बहिणीला गेले तर बिघडलं कुठे.

थोडे म्हणाली.

पुढे म्हणाली की तिच्याच्यानं राहवत नाही, येत्या दहा-बारा दिवसांत ती इथे येते, कायमची, मला सांभाळायला. न्हाऊ घालीन, भरवीन, काही कमी पडू देणार नाही. फोनवर रडत होती. नोकरीची बातमी आली तेव्हाही अशीच रडली होती, आणि मी तिचे डोळे पुसले होते.

मी तिला शेवटचं सांगितलं. म्हटलं, ये खुशाल. पण मी तुला पुन्हा कधी आई म्हणून हाक मारणार नाही. मरेपर्यंत नाही. आणि फोन ठेवला.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी बॅग भरून बसस्टँडवर गेले. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठे जायचं.

नाव आठवेना. गावाचं. कुठल्याच गावाचं नाही. मागे रांग. माणूस पुन्हा विचारतो, मग ओरडतो, मग जरा मऊ आवाजात विचारतो. मी पैसे पुढे केले, नुसते पैसे. त्यानं परत सरकवले आणि पुढच्याला बोलावलं.

बाकावर बसून राहिले. भाऊजी शोधत आले. बॅग उचलली. जिना चढताना थट्टा केली नाही.

शनिवार, २२ मार्च

एक रस्ता आहे. आहे, मला माहीत आहे. कॉलेजातली माझी मैत्रीण, जाडी, दोन वर्षं घरी बसलीय. तिला मेसेज लिहिला. नोकरी आहे, लगेच ये, राहायची सोय आहे. हसरा चेहराही टाकला.

पाठवला नाही. पुसला.

ती आली असती. माझ्यावर विश्वास ठेवून, उशी घेऊन आली असती. मी उभी राहिले असते तिच्या मागे, खांद्यावर हात ठेवून.

नाही जमत मला. त्या दोघींना कसं जमलं?

मंगळवार, २५ मार्च

खुर्चीत बसत नाही. घरी. तरी चालूच. ओठ. ओळी आता पडद्याशिवाय येतात — भिंतीवर, ताटात.

बोलायला जवळजवळ काही नाही. लिहिताना अजून थोडे येतात. हळू. म्हणून लिहिते. लाँड्रीची — ती पांढरी, वर जाणारी — ती बघत बसते.

ताई बोलते. दिवसभर. हसते, गाते, शेजारणीला हकिगती सांगते. माझ्या हकिगती. माझ्या शाळेतल्या, माझ्या. तिच्या म्हणून.

केस विंचरायला आली. मी तिचा हात — दात लावले हाताला. तिनं मारलं नाही. आणखी गोड बोलली. कुणीतरी तिला गप्प करा. मी गप्प आहे, हे तिला दिसत कसं नाही.

शुक्रवार, २८

छोटी बोलली. आज. दुसरी तिला उचलून नाचली. तो मोठा, पुरुष, भिंतीला टेकून रडला. छोटीनं माझ्याकडे बोट केलं, काहीतरी म्हणाली. पुन्हा म्हणाली. सगळे माझ्याकडे बघतात, मी खूश व्हावं म्हणून.

चांगला आवाज. मला कळलं नाही काय ते.

खूप राग आहे. राग हा शब्द आहे अजून. तो देणार नाही. मुठीत —

सोमवार

आली. फोनवरची. बॅग घेऊन. म्हातारी झाली.

माझ्याजवळ बसली. हात धरला. तोंडावरून हात फिरवला, ओठांवर धरला, धरून ठेवला. ते थांबेनात. ती रडते. मला ओळखीचा वास — साबण, आणि —

राग शोधला. नाही. गेला वाटतं. कालच गेला.

आता नुसतं हवंय — तिला हाक — दोन अक्षरं, छोटी. सगळ्यांत आधीची. मी म्हणाले होते नाही मारणार. मारते. आता मारते. ती वाट बघते, तोंडाकडे बघते माझ्या. तोंड उघडलं. नाही. कुठे ठेवली मी — इथेच होती — थांब, जाऊ नकोस, लिहून — आ — आ च्या पुढे काय —

आतून दुसरीनं हाक मारली. तीच. माझा हेल.

ती हो म्हणाली. हात सोडला. उठली. त्या दाराकडे, माझ्याकडे पाठ करून, ती —